मालक थांबणार, कामगार मिल चालवणार? सौद्याआधी हे वाचा

लातूर : तूरडाळीचं गाव म्हणून लातूरचं नाव देशभर आहे. पण मालक थकला आणि त्याची लेकरं पुण्या-मुंबईत नोकरीला असली, तर मिल एक तर विकली जाते, नाहीतर बंद पडते. मुनीम, मशीनवाला, हमाल यांच्या हाताचं काम जातं. तिसरा रस्ताही आहे, तो म्हणजे कामगारांनीच धंदा विकत घेणं.

हे आधी झालेलं आहे. 1957 पासून कॉफी बोर्डाची कॉफी हाऊस बंद होऊ लागली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. त्यातली कित्येक आजही सुरू आहेत. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्स 1988 मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. त्यांनी पगारकपात सोसली, भविष्य निधीतले पैसे शेअरमध्ये घातले. कारखाना सुरू झाला, पण काही वर्षांनी पुन्हा अडचणीत आला. म्हणजे नुसती मालकी मिळून भागत नाही.

हिशेब बघा : तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी, बँकेचं कर्ज, थकीत वीजबिल सीएकडून तपासून घ्या. जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्यावर असते. नावावर करायला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं.

पैसा : सगळी रक्कम एकदम द्यायची गरज नाही. काही आगाऊ, बाकी नफ्यातून हप्त्यानं, असा लेखी करार मालकाशी करता येतो. मात्र खेळतं भांडवल वेगळं ठेवा. जानेवारीत तुरीची आवक वाढली की आडतीवर पैसे मोजावे लागतात. तेव्हा हात रिकामा असेल तर मिल उभी राहते.

कोणत्या नावानं : सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 जण लागतात. नोंदणी सहकार खात्याकडं होते. तिथं एका सभासदाला एकच मत. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याचा आवाज मोठा.

ग्रॅच्युइटी : 10 किंवा जास्त कामगार असतील तर हा कायदा लागू होतो. महिना 13,000 पगार आणि 12 वर्षं नोकरी असेल, तर वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबानं 90,000 रुपये होतात. हे तुमच्या कष्टाचे पैसे आहेत. ते कोण देणार, मालक की नवी संस्था, हे करारात लिहून घ्या. किमतीत गुपचूप वळते होऊ देऊ नका.

जामीन : बँक वैयक्तिक जामीन मागू शकते. मिलच्या कर्जापायी घरचा सातबारा गहाण टाकायच्या आधी घरात बसून बोला. मिल बुडाली तर पगार जाईलच, त्यासोबत रानही जाईल.

शेवटी, कारभारी एकच नेमा आणि त्याचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. गिऱ्हाईक आणि आडते मालकाला ओळखतात, तुम्हाला नाही. म्हणून मालकाला सहा महिने, वर्षभर तरी सोबत ठेवा. आणि ही बोलणी मिलला कुलूप लागल्यावर नाही, मिल चालू असतानाच सुरू करा.