नियंत्रकाने कोणावर विश्वास ठेवावा? जयपूरची वेधशाळा आणि घरातले प्रवाळ

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती उपक्रमाने प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्या वृत्तामागचा आकडा लहान आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अवघे १ अंश सेल्सिअस अधिक उष्ण झाले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींमधील सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडू लागतात. समुद्रात तापमानाचे हे चढउतार पाण्याच्या प्रचंड साठ्यामुळे मंदावतात. घरातल्या २०० लिटरच्या काचटाकीत ते काम स्वयंचलित नियंत्रकाकडे येते. टाकी जयपूरमध्ये असेल, तर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारा पारा, थंड हिवाळी रात्री आणि पाणी झपाट्याने उडवणारी कोरडी हवा, या तिन्हींशी त्याची गाठ असते. असा नियंत्रक कोणत्या कसोटीवर निवडावा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

स्वयंनियंत्रणाची कल्पना वीजयुगाच्या फार आधीची. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीसाठी तापमान-नियंत्रक बनवला. उष्णतेने अल्कोहोल प्रसरण पावे, ते पाऱ्याला ढकली आणि पाऱ्यावरचा दांडा हवेची वाट अरुंद करी. मोजणे, तुलना करणे आणि दुरुस्त करणे ही साखळी तेव्हापासून बदललेली नाही.

मत्स्यालयाचा इतिहास मात्र दुसऱ्या वाटेने गेला. १८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी दीर्घकाळ निरोगी राहते, हे दाखवले. १९६१ मध्ये इंडोनेशियाचे ली चिन एंग यांनी समुद्रातले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या दाराशी उष्ण कटिबंधाचा समुद्र होता. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागूनच उभे राहिले. जयपूरमध्ये ही सोय नाही. तिथे गाळलेल्या शुद्ध पाण्यात क्षारांचे मिश्रण विरघळवून समुद्र तयार करावा लागतो आणि यंत्राच्या मदतीने टिकवावा लागतो.

आज त्यासाठी अमेरिकी ‘एपेक्स’, जर्मन ‘प्रोफिलक्स’ किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी मुक्तस्रोत ‘रीफ-पाय’ प्रणाली, असे पर्याय आहेत. पडद्यावर तापमान, क्षारता आणि सामू दशांशांसह झळकतात. निवड करणाऱ्याची नजर साहजिकच त्या दशांशांवर खिळते. पण यंत्राने दाखवलेला आकडा आणि खरा आकडा यांतील अंतर जयपूरच्या एका राजाने तीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

सवाई जयसिंहांनी प्रथम पितळी वेधयंत्रे वापरून पाहिली. त्यांचा आकार लहान, आस झिजणारे, वर्तुळांचे मध्य सरकणारे. असे दोष त्यांनी आपल्या ग्रहकोष्टकांच्या प्रस्तावनेत नोंदवले आहेत. म्हणून त्यांनी चुना आणि दगडांची अचल यंत्रे उभारली. महाराष्ट्रीय मानले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट त्यांच्या दरबारात होते. टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात त्यांनीच आणला. जयपूरच्या सुमारे २७ मीटर उंच सम्राट यंत्रावर सावली सेकंदाला जवळपास १ मिलिमीटर सरकते आणि खुणा २ सेकंदांपर्यंतच्या आहेत. तरीही सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड अनेक सेंटिमीटर पुसट पडते. खूण जितकी बारीक, तितके मापन अचूक असे नसते. जयसिंहांनी एकाच वेधशाळेवर विसंबणेही टाळले. दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी येथे यंत्रे उभारण्यामागे निरीक्षणे परस्परांशी ताडून पाहण्याचा हेतू होता.

टाकीतल्या सामूच्या प्रोबला हाच न्याय लावावा. २५ अंशांना सामूच्या एका एककाला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे अवघ्या १२ मिलिव्होल्टच्या विचलनाने वाचन ०.२ ने चुकते. काचेचा हा प्रोब कालांतराने ढळतोच. नियंत्रकाला ते कळत नाही. तो चुकीच्या आकड्यानुसार निष्ठेने रसायन ओतत राहतो. म्हणून नियमित अंशांकन, वेगळ्या साधनाने पडताळणी आणि दिवसाला किती मात्रा जाईल यावर कडक मर्यादा, या गोष्टी दशांशांहून महत्त्वाच्या आहेत.

दुसरी कसोटी बिघाडाची. रिले चिकटला आणि ३०० वॉटचा हीटर बंदच झाला नाही, तर उष्णता बाहेर न गेल्यास २०० लिटर पाणी ताशी सुमारे १.३ अंशांनी तापते. विरंजनाची सीमा एका तासात ओलांडली जाते. १०० वॉटच्या हीटरला त्यासाठी दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्वतंत्र दुसरा थर्मोस्टॅट वीज तोडू शकतो. बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या गोड्या पाण्याचा डबा १० लिटरचाच असेल, तर फ्लोट स्विच अडकून तो सगळा टाकीत रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून ३३.३ च्या आसपास थांबते. येथे संरक्षण संगणक देत नाही, डब्याचा आकार देतो.

या सर्वांआधीचा प्रश्न कायद्याचा आहे. भारतात सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. परदेशी कठीण प्रवाळांच्या व्यापारावर ‘सायटीस’ कराराचे निर्बंध आहेत. टाकीतला जीव कुठून आला, याचे उत्तर कागदावर नसेल, तर उत्तम नियंत्रकही त्या संग्रहाला वैध करू शकत नाही.

तेव्हा नियंत्रक निवडताना पहिला प्रश्न ‘हे यंत्र काय काय करते’ हा नसावा. ‘हे यंत्र चुकले, तर ते कोणाला कळेल आणि तोवर किती हानी होईल’ हा असावा. पितळी यंत्रे बाजूला ठेवताना जयसिंहांनी आधी आपल्याच साधनांवर संशय घेतला होता. घरातल्या २०० लिटर समुद्रालाही त्याच संशयाची गरज आहे.