सातबाऱ्यातून गेलेल्या आत्या

आम्हा भिवंडीकडच्या आगऱ्यांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. घराण्याचा इतिहास वाचायचा तर जुने फेरफार काढा.

आजा कूळ. भात पिकवायचा तो, खंड न्यायचा सावकार. कूळकायदा १९४८चा, पण कसणारा कूळ मालक मानला गेला तो १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी. मग ३२ ग खाली किंमत ठरली, हप्ते फेडले. सातबाऱ्यावर आज्याचं नाव चढलं, पुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर! त्या तीन अक्षरांमागे धाकटे दोन भाऊ आणि घरातल्या सगळ्या बायांची लावणी-झोडणी. (भावकीतले किती दावे या अक्षरांवर चालतात, कोर्टात जाऊन बघा.)

आजा गेल्यावरच्या वारस नोंदीत तीन मुलगे, दोन मुली. लगेच पुढचा फेरफार : मुलींनी हक्क सोडला. मोबदला काही नाही. जबाबावर दोघींचे अंगठे.

१९९४ला महाराष्ट्राने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. आत्यांना काय उपयोग? आधीच सोडलेला हक्क त्याने आपोआप परत येत नाही. आणि खाचरांत भराव पडून गोदामं उभी राहिली, भाडं तीन घरांत वाटलं जातं.

आता भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वंशावळ फिरतेय. तिच्यातही आत्या नाहीत. मी दोघींची नावं घालून ती परत टाकली. तीन दिवस झाले, सगळ्यांनी वाचलीय, बोललं कोणीच नाही.