भूतबंगल्याचं कूळ

लखनौच्या चारबागेत रेल्वे क्वार्टर्सची एक गोष्ट सांगतात. गोरा इंजिनिअर अवेळी घरी आला, बायकोला परक्याबरोबर पाहिलं, दोघांना मारून स्वतःही मेला. तिथे अजून रात्रीच्या किंकाळ्या ऐकू येतात म्हणे. मला कुतूहल आहे ते त्या घराचं. आपल्याकडे मुंज्या पिंपळावर असतो, हडळ आडाशी. घरात देवघर, त्यामुळे त्यांना उंबऱ्याबाहेर राहावं लागतं. बंगल्यातलं भूत मात्र थेट निजायच्या खोलीत. असं का, ते बंगल्याच्या कुळातच सापडतं.

बंगला म्हणजे मुळात बंगालचं घर. पाऊस झरझर उतरून जावा म्हणून धनुष्यासारखं वाकवलेलं गवताचं छप्पर. मुघलांनी तोच बाक संगमरवरात उतरवला. लाहोरच्या किल्ल्यातला नौलखा मंडप त्याच घाटाचा. लखनौच्या अवधशी तर ‘बंगला’ या शब्दाचं सख्खं नातं. पहिला नवाब सआदत खान याने शरयूकाठी माती-गवताचं घर बांधलं आणि भोवतीच्या वस्तीलाच लोक ‘बंगला’ म्हणू लागले. तिचंच पुढे फैजाबाद झालं. १७७५ मध्ये आसफउद्दौलाने राजधानी तिथून लखनौला आणली.

इंग्रजांनी बंगालमधली ही झोपडी उचलली आणि उन्हाच्या धास्तीने वाढवली. जाड भिंती, उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा. व्हरांड्यामुळे मधल्या खोलीत भर दुपारी अंधार. उजेड यायचा तो छताजवळच्या झरोक्यातून, ज्याची दोरी भिंतीवरून खाली सोडलेली. वारा सुटला की वर झापड आपटते, खाली दोरी भिंतीला घासत सरपटते. कंदिलाच्या उजेडात ते ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. नोकरांच्या खोल्या मागे दूर, आगीच्या भीतीने मुदपाकखानाही वेगळा. दिवेलागणीनंतर एवढ्या थोरल्या घरात माणसं दोनच. शिवाय बदलीचा हुकूम आला की सामान बांधायचं, नवा साहेब येईपर्यंत दाराला कुलूप. आत वटवाघळं. वाड्यात पणजोबा कुठे बसायचे ते सांगायला आजी असते; बंगल्यात आधीचं कुणाला काही ठाऊकच नसतं. ती रिकामी जागा गोष्टीने भरली.

चारबागेला लखनौ-कानपूर रेल्वे आली १८६७ मध्ये. त्याआधी दहा वर्षं, २५ सप्टेंबर १८५७ रोजी, इंग्रज सेनापती हॅवलॉक आणि आउट्रम यांची फौज आलमबागेकडून वेढ्यात अडकलेल्या रेसिडेन्सीच्या दिशेने निघाली आणि कालव्यावरच्या चारबाग पुलाशी अडली. पलीकडे बंडातले शिपाई तोफा रोखून उभे होते. पूल हातघाईने घेतला गेला. दोन्हीकडची माणसं तिथेच पडली, गावाकडच्या घरांत वाट पाहणारी माणसं मागे ठेवून. चारबागेच्या भुतांच्या ज्या गोष्टी माझ्या कानावर आल्या, त्यांत इंजिनिअर आहे, मडम आहे. त्या पुलावरचा शिपाई एकाही गोष्टीत परत येत नाही.