हौशी निसर्गप्रेमी ते प्रशिक्षित निसर्गनिरीक्षक

रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून टेकडीवर किंवा खाडीकाठी जाणाऱ्यांची संख्या आपल्या शहरांत वाढली आहे. छायाचित्रे निघतात, पक्ष्यांची नावे कळतात आणि नऊ वाजता मंडळी घरी परततात. मात्र त्याच टेकडीवर रस्त्याची आखणी जाहीर होते किंवा त्याच पाणथळीत भराव पडू लागतो, तेव्हा इथे पूर्वी काय होते, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर तारीखवार नोंदींसह देऊ शकणारी माणसे फारच थोडी असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी सामान्य प्रौढ नागरिकांना पद्धतशीर शिक्षण देऊन निसर्ग-स्वयंसेवक म्हणून तयार करण्याचे उपक्रम जगभर सुरू आहेत. त्यांचे स्वरूप, उपयोग आणि मर्यादा यांचा हा आढावा.

टेक्सासचा नमुना

या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील बागकामात आहे. वॉशिंग्टन राज्यात १९७०च्या दशकाच्या आरंभी झाडांवरील कीड, खते, माती यांविषयी नागरिकांच्या शंका इतक्या वाढल्या, की कृषी विस्तार विभागाचे मोजके अधिकारी अपुरे पडू लागले. तेव्हा विद्यापीठाने हौशी बागकाम करणाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि त्या बदल्यात त्यांनी इतरांच्या शंकांचे निरसन करावे, अशी अट घातली. शिक्षणाची परतफेड सेवेने करण्याचे हेच सूत्र पुढे निसर्ग संरक्षणात आले. टेक्सास राज्याच्या वन्यजीव विभागाने आणि तेथील कृषी विद्यापीठाच्या विस्तार सेवेने १९९८ मध्ये ‘मास्टर नॅचरलिस्ट’ हा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला. टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे केवळ सरकारी कर्मचाऱ्यांच्या बळावर तेथील निसर्गावर लक्ष ठेवणे अशक्य होते.

या कार्यक्रमात उमेदवाराला किमान ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. भूरचना, माती, हवामान, वनस्पती, कीटक, पक्षी, सस्तन प्राणी, पाणथळी हे विषय वर्गात आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेटीत शिकवले जातात. त्यानंतर ४० तासांची स्वयंसेवा आणि ८ तासांचे प्रगत शिक्षण पूर्ण केल्यावरच प्रमाणपत्र मिळते. ते टिकवायचे असेल, तर सेवा आणि प्रगत शिक्षणाची ही अट दरवर्षी पुन्हा पूर्ण करावी लागते. ती पाळणाऱ्यांना दरवर्षी एखाद्या स्थानिक जीवाचे चित्र असलेला नवा बिल्ला दिला जातो. पदवी किंवा वयाची कमाल मर्यादा आड येत नसल्याने निवृत्त मंडळींचा सहभाग मोठा असतो. फ्लोरिडा, व्हर्जिनिया, मिनेसोटा, कॅलिफोर्निया आदी राज्यांनी पुढे आपापल्या परिसराला अनुरूप असे कार्यक्रम आखले.

मुंबईची जुनी परंपरा

हौशी अभ्यासकांनी शास्त्राला हातभार लावण्याची परंपरा आपल्याकडे मात्र याहून जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची (बीएनएचएस) स्थापना १८८३ मध्ये मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी केली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांतील दोन भारतीय. आपापल्या नोंदी आणि नमुने एकत्र आणावेत, एवढाच मूळ हेतू होता. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. अधिकारी, डॉक्टर, वनसेवक यांनी फावल्या वेळात केलेली निरीक्षणे त्यात प्रसिद्ध झाली. स्वतः डॉ. सलीम अली यांच्याकडेही प्राणिशास्त्राची रीतसर विद्यापीठीय पदवी नव्हती. वनस्पती, पक्षी, कीटक यांविषयीचे बीएनएचएसचे अभ्यासक्रम हीच परंपरा पुढे नेतात. त्यांत नोकरदार, गृहिणी आणि विद्यार्थी एकाच पायवाटेवर शिकतात.

प्रशिक्षणाने काय साधते, याचे ठळक उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळली. त्या काळी माणसे अंडी काढून नेत आणि उरलेली कुत्री, कोल्हे फस्त करीत. संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले. रात्री-पहाटे किनाऱ्यावर गस्त घालणे, घरटे ओळखणे, अंडी सुरक्षित कुंपणात हलवणे आणि सुमारे ५० ते ५५ दिवसांनी बाहेर येणारी पिल्ले समुद्रात जाऊ देणे, हे सर्व काम स्थानिक ‘कासवमित्र’ शिकले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पर्यटकांच्या घरगुती निवास-भोजनातून गावाला उत्पन्नाचे साधन मिळाले.

नोंदीचे मोल

एकट्याची नोंद क्षुल्लक वाटते, परंतु हजारोंच्या नोंदी एकत्र आल्या की चित्र बदलते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेल्या सुमारे तीन कोटी निरीक्षणांवर आधारलेला आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा असून १७८ प्रजातींना संरक्षणात अग्रक्रम देण्याची गरज दाखवली आहे. अशा नोंदींमुळे रूढ समजुतीही तपासता येतात. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे, असे सर्रास म्हटले जाते. २०२० च्या अहवालात मात्र देशपातळीवर तिची संख्या साधारण स्थिर असल्याचे आणि घट महानगरांत असल्याचे दिसले.

कायद्यानेही अशा नोंदींना जागा दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ती कागदोपत्री राहू नये, यासाठी परिसर जाणणारी माणसे लागतात. प्रशिक्षित स्वयंसेवक येथे थेट उपयोगी पडू शकतात. टेकडी किंवा तलाव यांविषयी हरकती मागवल्या जातात, तेव्हा ‘येथे खूप पक्षी येतात’ या विधानापेक्षा चार वर्षांच्या ऋतुवार याद्यांचे वजन निश्चितच अधिक असते.

उत्साहाला शिस्त हवी

अर्धवट ज्ञानाचे धोकेही आहेत. घरट्यातील पिल्लांचे छायाचित्र टिपण्यासाठी आडोशाच्या फांद्या तोडणे, पक्षी पुढे यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवणे, दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण जाहीर करणे, यांतून अभ्यासाच्या नावाखाली हानीच होते. साप पकडून त्याचे खेळ करणे तर कायद्याने गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारेही. म्हणूनच कोणत्याही चांगल्या प्रशिक्षणात ओळख पटवण्याइतकेच महत्त्व दूर राहण्याला दिले जाते. खात्री नसेल तेथे प्रजातीचे नाव न लिहिणे, हाही त्यातलाच धडा.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. अनेक अभ्यासक्रमांची भाषा इंग्रजी असते. शुल्क आणि सुट्टीचा दिवस प्रत्येकाला परवडतोच असे नाही. खाडीतील मासळीचे ऋतू जाणणारा कोळी किंवा रानभाज्या अचूक ओळखणारी कातकरी स्त्री या वर्गात बहुधा दिसत नाही. वास्तविक त्यांचे स्थान शिकवणाऱ्यांत असायला हवे. शिवाय स्वयंसेवक हे वन विभागाला पर्याय नाहीत. शासनाने रिक्त पदांची उणीव विनामूल्य श्रमांनी भरून काढू नये, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आरंभ कसा करावा?

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दूरच्या अभयारण्यापेक्षा घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडावी. बाग, नाला, तळे, टेकडीची वाट, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, तेथे जावे. तारीख, वेळ, हवामान, काय दिसले आणि किती दिसले, एवढे वहीत लिहावे. काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा पूर्ण झाला, की त्या जागेची पहिली विश्वसनीय नोंद तयार होते. पुढे जाणत्यांकडून ती तपासून घ्यावी आणि एखाद्या अभ्यासक्रमात नाव नोंदवावे. परिसरातील एखादी जागा नाहीशी होत असताना हळहळणारे पुष्कळ भेटतात. ती कशी होती, हे सांगणारी वही मात्र आधीच लिहिलेली असावी लागते.