तडीपार: दक्खनची जुबान आणि पुण्याचा एक रॅपर

'तडीपार' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. तड म्हणजे काठ, सीमा. पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ 1951च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातली कलमं 55 ते 57. उपद्रवी ठरवलेल्या माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर घालवून देण्याची सोय त्यात आहे. आमच्या मोहल्ल्यांत हा शब्द निवडणुका आणि सणांच्या तोंडावर जरा जास्त ऐकू येतो. 2020 साली पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या एका विशीतल्या पोराने आपल्या पहिल्या अल्बमला हेच नाव दिलं. पोराचं नाव अल्ताफ शेख, म्हणजेच एमसी स्टॅन.

गाणी हिंदीत, पण अल्बमचं नाव मात्र पोलीस ठाण्याच्या मराठीतलं. अनेकांना यात नुसती भाईगिरी दिसली. मला त्यात भाषेचा एक जुना हिशेब दिसतो.

आधी संगीताबद्दल थोडं. स्टॅन ज्या ढंगात गातो त्याला ट्रॅप म्हणतात, आणि त्याचं गाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं अटलांटा. ट्रॅप म्हणजे तिथल्या बोलीत नशेचा माल विकण्याचा अड्डा. टी.आय. या रॅपरच्या 2003च्या 'ट्रॅप म्युझिक' या अल्बमने हा शब्द बाजारात नेला. त्यातला तो छातीत घुमणारा ठोका रोलँड या जपानी कंपनीच्या 808 नावाच्या यंत्राचा. 1980 साली आलेलं हे यंत्र तीनच वर्षांत बंद पडलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा वाटत नव्हता. मग ते जुन्या सामानात स्वस्त मिळू लागलं आणि गरीब पोरांच्या हाती लागलं.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हिप-हॉप जन्मलं न्यूयॉर्कमध्ये, आणि दक्षिणेतल्या काळ्या पोरांचे हेल तिथल्या लोकांना गावंढळ वाटत. ऑगस्ट 1995मध्ये न्यूयॉर्कच्या 'सोर्स' पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. जोडीतल्या आंद्रेने माइकवरून एवढंच सुनावलं की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. नऊ वर्षांनी, 2004मध्ये, याच जोडीच्या अल्बमला ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. लाखोंनी खपलेला अल्बम होता तो. आज न्यूयॉर्कची पोरंही दक्षिणेच्या ठोक्यावर गातात.

ही हुर्यो आम्हा दक्खनवाल्यांना नवी नाही. उत्तरेने आमच्या जुबानीला तीनशे वर्षं हसून घेतलं आहे.

दक्खनी ही बिघडलेली उर्दू नव्हे. दिल्लीत उर्दू शायरीचं नावही नव्हतं तेव्हा गुलबर्गा, बिदर, विजापूर, गोवळकोंड्यात दक्खनीत लिहिलं जात होतं. इब्राहिम आदिलशाह दुसरा यांचं 'किताब-ए-नौरस' दक्खनीत आहे. सूफींच्या परंपरेतले चक्कीनामे बायका जात्यावर म्हणत. जात्यावरच्या ओवीची ती सख्खी बहीण. आमचं 'नक्को' तर थेट मराठीच्या 'नको'तून आलं. वली औरंगाबादी 1700च्या सुमारास दिल्लीला गेले. तजकिऱ्यांत किस्सा सांगतात की तिथल्या एका बुजुर्गाने त्यांना फारसी मजमून आपलेसे करण्याचा सल्ला दिला. किस्सा खरा की रचलेला यावर वाद आहे. पण तो दिल्लीत इतका आवडीने का सांगितला गेला, हे उघड आहे. (वलींची अहमदाबादची मजार 2002मध्ये पाडली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला.)

नांदेड आणि लातूर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीत उर्दू, 1918पासून उस्मानिया विद्यापीठातही उर्दू. पण ती किताबी उर्दू. 'मेरेकू', 'कायकू', 'हव' यांना त्या कचेरीत जागा नव्हती. पोलीस अ‍ॅक्शननंतर किताबी उर्दूही कचेरीतून गेली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक नुकसान झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, आणि कासिम रझवी वकिली करत ते लातूरलाच. त्यानंतर आमच्या वडीलधाऱ्यांनी आवाज खाली ठेवला. जुबान घरात राहिली आणि बाहेर पडली ती विदूषकाचे कपडे घालून. 'गुमनाम'मध्ये (1965) मेहमूदचा हैदराबादी खानसामा पाहून अख्खा देश हसला. 2005च्या 'द अंग्रेज'च्या सीड्या आम्ही नांदेडला घरोघरी फिरवल्या, संवाद पाठ केले. तेव्हाही हसणं होतंच, पण या वेळी हसणारे आम्हीच होतो. मग 2019च्या आसपास हैदराबादच्या रुहान अर्शदचं 'मियां भाई' लग्नाच्या वरातींत वाजू लागलं.

स्टॅनची बोली म्हणजे आमची दक्खनी नव्हे. ती पुण्याच्या वस्तीतली हिंदी आहे, अर्धी मराठीने घडवलेली. पण नातं चुलत भावाचं. 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात तो चार महिने 'हक से' आणि 'शेमडी' म्हणत राहिला. उच्चार सुधारले नाहीत, 'श्रीमान'छाप हिंदी बोलला नाही. फेब्रुवारी 2023मध्ये जिंकला, आणि उपविजेता होता अमरावतीचा शिव ठाकरे. 'शेमडी' हा आपल्या शेंबड्या पोरांचा शब्द दिल्ली-लखनौच्या मुलांनी उचलला. त्यानंतरच्या दौऱ्याची तिकिटं शहरोशहरी विकली गेली.

आता शिव्यांचं. 'तडीपार'मध्ये शिव्या आहेत, बायकांविषयी ऐकवणार नाही असं बरंच काही आहे, आणि त्याची वकिली मी करणार नाही. मार्च 2023मध्ये इंदूरचा त्याचा कार्यक्रम बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी अश्लील भाषेचं कारण देत बंद पाडला. गंमत अशी की आमच्यातल्या शरीफ मंडळींचा आक्षेपही अगदी हाच होता. 'कौम की तहजीब बदनाम करता है,' असं मला लातूरच्या एका शिक्षकाने सांगितलं. मी विचारलं, त्याने शिव्या काढून टाकल्या तर चालेल का? ते म्हणाले, 'लेकिन जुबान तो देखो!' म्हणजे खटकत होती ती शिवी नव्हे, लहेजा. हेच शिक्षक घरी बायकोशी 'कायकू'नेच बोलतात आणि जनगणनेत मातृभाषा उर्दू लिहितात.

या लाजेची किंमत मुलं मोजतात. उर्दू शाळेत 'मेरेकू'वर लाल रेघ, मराठी शाळेत 'मी जातंय' म्हटलं की वर्ग हसतो. दोन्हीकडून तोंड बंद. मग आपल्या लहेजात बेधडक बोलून पैसे आणि टाळ्या कमावणारा एक पोरगा टीव्हीवर दिसतो, तेव्हा ती त्याच्या शिव्याही पाठ करतात. कारण त्या लहेजात दुसरं काही त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलेलंच नाही.

वास्तविक आहे बरंच. चिटगुप्प्याचे सुलेमान खतीब (1922–1978) यांनी 'केवडे का बन'मधून सासू-सुनेची भांडणं, गरिबी, हुंडा असं सगळं दक्खनीत मांडलं आणि मुशायरे गाजवले. चिटगुप्पा बिदर जिल्ह्यात, आणि 1956पर्यंत आपलं उदगीर, निलंगा, अहमदपूरही त्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे ते आमच्याच जिल्ह्याचे शायर. उदगीरला मुलांसमोर मी त्यांच्याविषयी बोललो, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, 'यूट्यूब पे है क्या?'

आहेत, म्हटलं. जुन्या मुशायऱ्यांची रेकॉर्डिंग आहेत, आवाज खरखरतो. दोघांनी तिथेच मोबाइल काढले.