तार खात्यातला मास्तर

१८६८ साली विल्यम एअर्टन हा तरुण इंग्रज भारताच्या तार खात्यात आला. लांबलचक तारेत बिघाड नेमका कुठे आहे, हे विजेच्या मोजमापावरून शोधायची पद्धत त्याने इथे बसवली.

१८७३ मध्ये जपान सरकारने त्यालाच टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तारविद्या शिकवायला नेमलं. त्याचा विद्यार्थी शिदा रिन्झाबुरो १८७९ मध्ये पदवीधर झाला, ग्लासगोला लॉर्ड केल्व्हिनकडे शिकला आणि १८८३ मध्ये परतून त्याच महाविद्यालयात प्राध्यापक झाला. दहाच वर्षांत परक्या गुरूच्या जागी घरचा गुरू!

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत तंत्रज्ञानाचे वर्ग भरले ते १९११ मध्ये.

माणूस एकच. इथल्या इंग्रज सरकारला तो तारा सांभाळायला हवा होता, जपानला पोरं घडवायला.