तारीख नसलेल्या रोगांचा इतिहास

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. साथीला तारीख असते, नायक-खलनायक असतात. म्हणूनच तिला इतिहास लाभतो आणि साहित्यही. आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याची घडणही बरीचशी याच साच्यात झाली: रोगी शोधा, वेगळा करा, वस्ती धुऊन काढा.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग यांना अशी तारीख नसते. ते येत नाहीत, साचत जातात. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले, ते अशा साचण्याचाच माग काढण्यासाठी. त्यातून 'जोखीम घटक' ही कल्पना रुजली. भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के असंसर्गजन्य रोगांमुळे होत. २०१६ साली हे प्रमाण सुमारे ६२ टक्के झाले. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांसाठीचा एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २०१० साली आला, म्हणजे साथरोग कायद्यानंतर ११३ वर्षांनी.

या दिरंगाईत भाषेचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते. 'जीवनशैलीचे आजार' हा शब्दप्रयोग पाहा. शैली म्हणजे निवड. आणि निवड म्हटली की दोष निवडणाऱ्याचा. रोग्याच्या ताटाकडे बोट दाखवले की शासनाची आणि समाजाची जबाबदारी आपोआप हलकी होते.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला अभ्यास या शब्दालाच आव्हान देतो. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती. पण वजनाने इतक्या कमी असलेल्या या बालकांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे अशी गर्भातच, आईच्या पोषणाशी निगडित असू शकतात. शेतात राबणाऱ्या, अपुरे जेवणाऱ्या त्या मातेने कोणती शैली निवडली होती?

प्लेगने राज्यकर्त्यांना घराघरांत शिरायला लावले, आणि ते जुलमाने शिरले. मधुमेहाच्या बाबतीत ते उंबऱ्याबाहेरच थांबतात, आणि त्या थांबण्याला व्यक्तिस्वातंत्र्याचे नाव मिळते. साहित्याच्या अभ्यासकांनी निदान हे नाव तपासून पाहावे.